प्रतिज्ञा मोडलेल्याने कोणत्या सभेत बसावे?



ज्या घरांत दीक्षा होऊन अद्याप दोन वर्षेही लोटली नाहीत, त्या घरांसाठी मी हे लिहीत आहे. बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञा दारूविषयी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास परमपूज्य बाबासाहेबांनी ती लाखोंच्या मुखातून वदवून घेतली. ती घेतल्यानंतरही ज्याचे व्यसन सुटले नाही, तो मनुष्य बहुधा विहारात येणे सोडतो. गुत्त्यावर जाणे मात्र सोडीत नाही. हा त्याचा उद्दामपणा नव्हे, लज्जा होय. आणि ती वाढविण्यास आपणच हातभार लावीत असतो.

इंदापूर तालुक्यातील एक भगिनी पोटगीच्या अर्जासाठी माझ्याकडे आल्या होत्या. पती साखर कारखान्यावर कामाला. त्यांनी त्याला मोठ्या मिनतवारीने मद्यपीडितांच्या एका बैठकीस धाडले होते. तेथे ‘ईश्वर’ हा शब्द कानी पडताच तो उठून आला आणि म्हणाला, “मी पहिली प्रतिज्ञा मोडू काय?” सतरावी रोज मोडणाऱ्यास पहिलीची एवढी चाड असावी, याचे मला प्रथम हसू आले. मागाहून वाटले, प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर आपण दिले पाहिजे.

या बैठका ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या असतात. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही दारूने गांजलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ती उभी राहिली. तेथे फी नाही, पूर्ण नाव सांगण्याची सक्ती नाही. त्यांच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो हे खरे. परंतु ज्याला तो जसा उमगेल तसा, अशी मोकळीक तेथेच दिलेली आहे. आम्हा वकिलांना अट आणि सूचना यांतील भेद पाहण्याची सवय असते. सदस्यत्वाची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. पायऱ्या ही सूचना आहे. तेव्हा प्रार्थनेच्या वेळी मौन धरून बसा. प्रतिज्ञा मोडत नाही. त्यानंतर शेजारचा मनुष्य आपली कहाणी सांगतो, ती ऐकण्यासाठी तेथे जायचे असते.

आपला दोष चारचौघांत बोलून दाखविणे ही काही परकी रीत आहे काय? भगवंतांच्या भिक्खुसंघात दर पंधरवड्यास उपोसथ होई आणि ज्याच्या हातून दोष घडला असेल तो पातिमोक्खाच्या पठणापूर्वी तो प्रकट करी. दोष प्रकट करणाऱ्यास संघ हाकलून देत नसे, अत्यंत गंभीर अपराधांची गोष्ट वेगळी. निरीश्वर मार्गच हवा असेल, तर २०१९ पासून अमेरिकेत ‘रिकव्हरी धर्मा’ नावाने बुद्धाच्या शिकवणुकीवर चालणारे गट आहेत. इंग्रजी समजणाऱ्या आपल्या तरुणांना त्यांच्या बैठका घरबसल्या ऐकता येतील.

एका बैठकीवरून मत बनवू नका, तीन-चार पाहा. जेथे ऐकलेली गोष्ट बाहेर जाते, जेथे अंगारा-धुपारा चालतो, जेथे ‘तुमच्या वस्तीतले लोक असेच’ असा सूर निघतो, तेथे पुन्हा पाऊल टाकू नका. इंदापूरच्या माणसास गावात ओळखीचे डोळे भेटण्याचे भय असेल, तर त्याने बारामतीकडची किंवा पुण्याची बैठक शोधावी; बारामतीकराने उलट करावे. एस.टी.चे भाडे गुत्त्यावरील खर्चाहून खात्रीने कमी पडेल! विहार समित्यांनी आठवड्यातून दीड तास एक खोली अशा गटास द्यावी. गट आपला खर्च स्वतःच्या वर्गणीतून भागवितो, त्यामुळे भाडेही मिळेल. मात्र कोण आले, कोण गेले हे पाहण्यास समितीच्या सभासदांनी दाराशी बसू नये.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जातो. म्हणून आधी डॉक्टर, मग बैठक. बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; १४४१६ या सरकारी क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. पतीच्या चहात गुपचूप गोळ्या घालणाऱ्या भगिनींनी तर हे ध्यानी धरावेच. त्या गोळ्यांवर दारू पोटात गेली तर जिवावर बेतते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या व्यसनातून उद्भवणाऱ्या मानसिक अवस्था आजारात गणल्या आहेत. सरकारी सेवेतील उपचार हा हक्क आहे, गुप्तता हा हक्क आहे आणि साखळदंडाने बांधणे कलम ९५ ने निषिद्ध आहे. एखादे खासगी केंद्र तसे करीत असेल, तर ते उपचार करीत नसून कायदा मोडीत आहे.

पतीची बैठक सुरू झाली म्हणजे पत्नीने मार सोसत वाट पाहावी, असे मात्र कोणी समजू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागता येते, घरात राहण्याचा हक्क मागता येतो. तिच्यासाठीही बैठका आहेत. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली स्थापिलेल्या मुक्तांगणात व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा गट चालतो.

त्या भगिनींचा पोटगीचा अर्ज आम्ही मागे घेतलेला नाही. पती सध्या दर आठवड्यास परगावच्या बैठकीला जातो आणि प्रार्थनेच्या वेळी हात बांधून गप्प उभा राहतो. मधे दोनदा घसरला. दोन्ही वेळा पुढच्या आठवड्यास पुन्हा गेला. विहारात अजून आलेला नाही.