कार्डावरचा आळ

2024 साली जगभरच्या असंख्य संगणकांवर खेळ सुरू करताना एकच संदेश उमटत होता: व्हिडिओ मेमरी अपुरी पडते आहे. विशेष म्हणजे ज्यांच्याकडे 24 जीबी मेमरीचे, खेळांसाठीचे सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड होते त्यांनाही तो दिसे. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डे परत पाठवली, दुकानदारांशी वाद घातले. अखेर दोष निघाला इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या प्रोसेसरांचा. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होते, त्यातून ते झिजत होते आणि खेळाच्या फायली उलगडताना गणित चुकवत होते. त्या चुकलेल्या गणिताचे खापर पडद्यावर मात्र ग्राफिक्स कार्डावर फुटत होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनव्हिडियाने असा संदेश दिसणाऱ्यांना इंटेलकडे जायला सांगितले. ऑगस्टमध्ये इंटेलने दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झिजलेला प्रोसेसर त्या दुरुस्तीने पूर्ववत होत नव्हता, हे वेगळे.

घरच्या संगणकाची तक्रार तपासताना हे प्रकरण डोळ्यासमोर असावे. पडद्यावरचा संदेश ही फिर्याद असते, निकाल नव्हे. विंडोजचेच पाहा. व्हिस्टापासून तिच्यात एक पहारेकरी बसवलेला आहे. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही, तर तो ड्रायव्हर पुन्हा सुरू करतो आणि ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले’ असे कळवतो. उत्तर का आले नाही, हे त्यालाही ठाऊक नसते. कार्ड तापले असेल, पॉवर सप्लाय दमला असेल, रॅम चुकत असेल किंवा परवाच टाकलेला ड्रायव्हर बिघडलेला असेल. ‘मी काहीच ओव्हरक्लॉक केलेले नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्यांच्या बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल चालू असते. तेही ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे.

म्हणून तपासाला क्रम हवा आणि एका वेळी एकच बदल हवा. आधी सगळे घड्याळवेग मूळ जागी आणावेत, रॅमचेसुद्धा. मग जुना ड्रायव्हर मुळापासून काढून नवा, किंवा नव्यानेच घोळ केला असेल तर आधीचा, टाकावा. त्यानंतर वीज. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स 4090 चे सोळा पिनांचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा बऱ्याच प्रकरणांत कनेक्टर पुरता आत बसलेलाच नव्हता, असे तपासणीत आढळले. असे कनेक्टर ग्राहकाच्या हाती देणाऱ्या रचनेलाही यात दोष द्यावा लागेल. एवढे सगळे करून मित्राच्या संगणकात तेच कार्ड तसेच वागले, तरच त्याच्यावर ठपका ठेवावा.

संगणक कुठे ठेवला आहे यावरही बरेच ठरते. न्यूझीलंडमध्ये, उदाहरणार्थ, या तपासात आणखी काही साक्षीदार असतात. पहिला हिवाळा. तिथे 1978 पूर्वी बांधलेल्या घरांना इन्सुलेशनची सक्ती नव्हती, आणि अशी घरे आजही पुष्कळ आहेत. जुलैत अशा घरातली खोली बारा अंशांवर असते, जानेवारीच्या दुपारी ती सत्तावीसवर जाते. पंख्याचा वेग तोच ठेवला, तर खोली जितकी तापते साधारण तितकेच कार्ड तापते. जुलैच्या रात्री मोठ्या अभिमानाने ‘स्टेबल’ ठरवलेला ओव्हरक्लॉक जानेवारीत कोसळतो, त्यात गूढ काही नाही. हिवाळ्याचा दुसरा भाग एक्स्टेंशन बोर्डात आहे. 230 व्होल्टला 10 अँपिअर म्हणजे 2,300 वॅट. ऑइल हीटर एकटाच त्या मर्यादेजवळ जातो. त्याच बोर्डावर पाच-सहाशे वॅट ओढणारा गेमिंग पीसी लावला आणि तो मध्येच बंद पडला, तर कार्डाची चौकशी कशाला?

दुसरा साक्षीदार रोटोरुआ या गरम झऱ्यांच्या गावचा. मराठी पर्यटक तिथे उतरताच नाक दाबतात, तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू तांबे आणि चांदी काळी करतो, म्हणजे सर्किट बोर्डाला जे जे लागते तेच खातो. कार्डाच्या कडेचे सोनेरी संपर्क बरेच तग धरतात. उघडे तांबे आणि बारीक रोधांच्या टोकांतली चांदी हळूहळू हार मानते. तिथल्या घरात तीन वर्षांनी कार्ड विनाकारण रुसले, तर सॉफ्टवेअरमध्ये उत्तर शोधण्यापूर्वी बोर्ड उजेडात धरून पाहावा.

आता ओव्हरक्लॉकिंग. एकेकाळी त्यात खरी कमाई होती. कारखाने सावधपणे कमी वेग ठेवत आणि हुशार ग्राहक उरलेला वेग फुकटात उचली. 2012 पासून कार्डे स्वतःच तापमान आणि वीज पाहून वेग वाढवू लागली, आणि ती फुकटची साय उत्पादकांनीच काढून घेतली. उरला तो खर्च. चिपची वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवा, वीज तेहतीस टक्क्यांनी वाढेल. खेळातल्या फ्रेम दहा टक्केही वाढणार नाहीत. मेमरीची गोष्ट आणखी फसवी. नव्या प्रकारची मेमरी चूक सापडली की तोच मजकूर पुन्हा पाठवते. त्यामुळे ती फार ताणली तरी पडदा फुटत नाही, फक्त काम मंदावते, आणि मालक आकड्यावर खूश राहतो. आमचे मत विचाराल तर आजच्या कार्डावर उलटा उद्योग अधिक शहाणपणाचा. व्होल्टेज थोडे उतरवावे. वेग जवळपास तोच राहतो आणि उष्णता, आवाज, वीजबिल तिन्ही कमी होतात. अर्थात प्रत्येक चिपची सहनशक्ती निराळी. दुसऱ्याचे आकडे आपल्या कार्डाला लावू नयेत.

तरीही कोणी ओव्हरक्लॉक केले आणि कार्ड गेले, तर भरपाई कोणी द्यायची? इथे न्यूझीलंडकडून शिकण्यासारखे आहे. उत्पादकांचा दुटप्पीपणा जगभर सारखाच. खोक्यावर ‘ओसी’ छापायचे, वेग वाढवायची पट्टी आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये द्यायची, आणि ती सरकवली तर वॉरंटी जाऊ शकते, असे बारीक अक्षरांत लिहायचे. एएमडीचा इशारा तर सांगतो की आमच्याच सॉफ्टवेअरने केले तरीही. न्यूझीलंडच्या 1993 च्या ग्राहक हमी कायद्यापुढे हे बारीक अक्षर अपुरे पडते. घरगुती वापराची वस्तू वाजवी काळ टिकलीच पाहिजे, ही हमी कायदा देतो. छापील वॉरंटी संपली म्हणून ती संपत नाही आणि घरगुती ग्राहकापुरती दुकानदाराला ती करारातून काढताही येत नाही. ग्राहकांना या हक्कांबद्दल चुकीचे सांगितल्यावरून नोएल लीमिंग या मोठ्या विक्रेत्या कंपनीला 2018 मध्ये दोन लाख डॉलरचा दंड झाला.

पण हाच कायदा दुसरी बाजूही सांभाळतो. वाजवी ग्राहकाकडून अपेक्षित नसलेल्या रीतीने वस्तू वापरली आणि त्यामुळे ती बिघडली, तर हमी लागू होत नाही. आमच्या मते रेष इथेच ओढावी. उत्पादकाने दिलेली पट्टी उत्पादकाच्याच मर्यादेत सरकवणे हा वाजवी वापर आहे. कार्डाचा बायोस बदलून वीजमर्यादा उडवणारा मात्र आपल्या जबाबदारीवर खेळतो, आणि त्याने दुकानात जाऊन काही माहीत नसल्याचा आव आणू नये.

हमीतली एक फट लक्षात ठेवायला हवी. खासगी माणसाकडून, म्हणजे ट्रेड मी या तिथल्या ऑनलाइन बाजारावरच्या एखाद्या शेजाऱ्याकडून, घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. व्यापाऱ्याने तिथे लिलावात विकलेल्या वस्तूला 2014 पासून लागतो. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमचे खाणकाम थांबले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. विकणारा कोण, हा प्रश्न किमतीइतकाच महत्त्वाचा ठरतो तो इथे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सामानात घालून नेलेल्या कार्डालाही या कायद्याचा आधार नाही.

बिल जपून ठेवा, काय काय तपासले ते तारखेसह लिहून ठेवा आणि आधी विक्रेत्याकडे जा, उत्पादकाकडे नव्हे. त्याने हात वर केले तर न्यूझीलंडमध्ये डिस्प्यूट्स ट्रायब्युनल, म्हणजे छोट्या तंट्यांचे न्यायाधिकरण, आहे. तिथे कोणत्याही बाजूला वकील आणता येत नाही.