कुपा वाचवायचा तर आक्षेपाची पळवाट बंद हवी

कोकणच्या बाजारात कुपा किंवा गेदर म्हणून विकला जाणारा ट्यूना हा बांगडा आणि सुरमईच्याच कुळातला मासा. बांगडा किनाऱ्याच्या आसपास राहतो, ट्यूनाच्या मोठ्या जाती मात्र महासागर पालथे घालतात. पोहणे थांबले की कल्ल्यांतून पाणी वाहणे थांबते आणि जीव गुदमरतो, म्हणून हा मासा जन्मभर पोहतच राहतो. त्या प्रवासात तो कित्येक देशांच्या हद्दी ओलांडतो आणि कुणाचीच मालकी नसलेल्या खोल समुद्रातूनही जातो. एका देशाने त्याला सोडले आणि पुढच्याने धरले, तर पहिल्याच्या संयमाला अर्थ उरत नाही. ट्यूना राखण्याचा विचार म्हणूनच देशांच्या आपसांतील करारांपासून सुरू करावा लागतो.

करार पाळले तर मासा परत येतो, हे अटलांटिकच्या ब्लूफिन ट्यूनाने दाखवून दिले आहे. त्या महासागरासाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग १९६९ पासून आहे, पण बरीच वर्षे त्याच्या मर्यादा कागदावरच राहिल्या. २००७ साली पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रासाठी २९,५०० टनांची मर्यादा होती. ती मुळातच शास्त्रज्ञांच्या सल्ल्याच्या जवळपास दुप्पट होती आणि त्यांच्याच अंदाजाने प्रत्यक्षातली पकड ६० हजार टनांच्या घरात गेली. जपानी बाजारातील चढ्या भावापुढे कुणी कुणाचे ऐकत नव्हते. २०१० साली दोहा येथील वन्यजीव व्यापारविषयक परिषदेत या माशाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी घालावी, असा प्रस्ताव मोनॅकोने आणला. तो ६८ विरुद्ध २० मतांनी पडला, पण बंदीची टांगती तलवार पाहून मासेमारी करणारे देश भानावर आले. मर्यादा परिषदेआधीच १३,५०० टनांवर आणि नंतर १२,९०० टनांवर उतरवली गेली. आकड्याहून महत्त्वाची ठरली ती नोंद. कोणत्या नावेने, कुठे, किती मासा धरला याचा दाखला जाळ्यापासून बाजारापर्यंत सोबत असणे सक्तीचे झाले आणि पर्ससीन बोटींवर निरीक्षक बसू लागले. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने हा मासा संकटग्रस्त जातींच्या यादीतून काढून सर्वांत कमी चिंतेच्या गटात घातला. २०२३ पासूनची मर्यादा ४०,५७० टनांची होती. मेक्सिकोच्या आखातात अंडी घालणारी पश्चिमेकडची ब्लूफिन अजून पुरती सावरलेली नाही, हेही इथे सांगायला हवे.

हिंदी महासागरात असे घडलेले नाही. सेशेल्समध्ये मुख्यालय असलेला इथला ट्यूना आयोग १९९६ मध्ये अस्तित्वात आला आणि भारत त्याचा सदस्य आहे. २०१५ साली पिवळ्या परांच्या यलोफिन ट्यूनाची बेसुमार मासेमारी झाल्याचे आयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी पकड घटवण्याचा ठराव झाला. पण आयोगाच्या मूळ करारातच एक पळवाट आहे. ठराव झाल्यापासून १२० दिवसांत आक्षेप नोंदवला की तो ठराव त्या देशाला लागू होत नाही. २०२१ च्या यलोफिनच्या ठरावावर भारत, इंडोनेशिया, इराण, ओमान, मादागास्कर आणि सोमालिया यांनी आक्षेप घेतले. २०२३ मध्ये मोम्बासा येथे तरंगत्या तराफ्यांवरील मासेमारी वर्षातून ७२ दिवस बंद ठेवण्याचे ठरले, तेव्हा युरोपीय संघ आणि इतर अनेकांनी तीच वाट धरली. आज एक गट सुटतो, उद्या दुसरा. २०२४ च्या मोजणीत यलोफिनचा साठा सुस्थितीत दिसला ही आनंदाचीच बातमी, पण दरम्यान मोजणीचे आकडे आणि पद्धत दोन्ही बदलली होती. त्या एका निकालावर विसंबून हात ढिला सोडणे धोक्याचे आहे.

तराफ्यांवरील बंदीला एवढा विरोध का, हे ती मासेमारी पाहिली की कळते. बांबूचा किंवा प्लास्टिकचा तराफा, त्याखाली लोंबणारे दोर आणि वर उपग्रहाला संदेश पाठवणारा बोया. बोयातील यंत्र खाली किती मासा जमला हे दूरच्या बोटीला कळवते. बोट येते, भोवती जाळे टाकते आणि तळाची दोरी ओढते, की चंचीची नाडी आवळावी तसे जाळे खालून मिटते. सावलीला जमलेल्या स्किपजॅक ट्यूनाबरोबर यलोफिनची आणि बिगआय ट्यूनाची अंडी घालायच्या वयालाही न आलेली पिल्ले त्यात सापडतात. यांत्रिक बोटी ही मासेमारी सोडायला तयार नसतात, कारण त्यांचा शोधाचा बराच खर्च वाचतो.

याच्या उलट, मालदीव आणि लक्षद्वीपमधील मिनिकॉय येथे मासा गरवून काढण्याची रीत आहे. खाजणातली जिवंत बारीक मासळी थव्यापुढे फेकतात आणि वरून पाण्याचे फवारे मारतात. पृष्ठभाग खळबळला की स्किपजॅक तुटून पडतो. नावेच्या टोकाला उभे असलेले लोक काठीच्या एका हिसक्यासरशी एकेक मासा मागे फेकतात आणि गरीला उलटा काटा नसल्याने तो आपोआप सुटून फळ्यांवर पडतो. जाळ्यात फुकट मरणारे कासव नाही की डॉल्फिन नाही. मालदीवच्या या मासेमारीला २०१२ मध्ये शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले.

यलोफिनच्या ठरावावर भारताने घेतलेल्या आक्षेपामागे खरी तक्रार आहे. कोणाला किती वाटा द्यायचा हे आजवरच्या पकडीवरून ठरवले, तर दूर युरोपातून येऊन वर्षानुवर्षे उपसा करणाऱ्या ताफ्यांना बक्षीस आणि किनाऱ्यावरच्या छोट्या मच्छीमारांना शिक्षा, असा उलटा न्याय होतो. वाट्याची ही बोलणी २०११ पासून चालू आहेत आणि अजून निकाली निघालेली नाहीत. ही तक्रार मांडलीच पाहिजे, पण ठरावाबाहेर राहून मांडली की तिचे वजन जाते. युरोपीय संघाच्या आक्षेपाला विरोध करताना भारताच्या स्वतःच्या आक्षेपाची आठवण करून दिली जाणारच. किनारी देशांनी आधी मर्यादा मान्य करावी आणि त्या मर्यादेत मोठा वाटा मागावा. तसेच आक्षेपाला शास्त्रीय कारण आणि तितकाच परिणामकारक पर्याय देण्याची अट करारात आणण्यासाठी भारताने पुढाकार घ्यावा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नवे नियम काढले. त्यांत मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य आहे, हे चांगले झाले. खोल समुद्रात जास्त नावा जाणार असतील, तर पकडीची नोंदही त्याच वेळी सुरू व्हायला हवी. बंदरावर टोपल्या उतरतात तेव्हा लहान यलोफिन, लहान बिगआय आणि इतर ट्यूना एकाच ढिगात जातात आणि कागदावर नुसता ‘कुपा’ उरतो. जातवार वजन आणि लांबी लिहिणारा एक प्रशिक्षित माणूस प्रत्येक मोठ्या धक्क्यावर नेमला, तर पुढच्या वाटाघाटीत भारताच्या हाती स्वतःचे, कुणी खोडू शकणार नाही असे आकडे असतील.