सीलबंद खलनायक

‘आपल्या साप्ताहिकाने आता खेळण्यांवरही लिहायचे काय?’ असा प्रश्न गेल्या महिन्यातील एका अभ्यासवर्गानंतर एका ज्येष्ठ साथींनी मला विचारला, आणि भोवतालची मंडळी हसली. निमित्त झाले ते मी दिलेल्या एका उदाहरणाचे. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील अंतर समजावून सांगताना नेहमीचे गहू आणि कापड बाजूला ठेवून मी मेगाट्रॉन नावाच्या एका खलनायकी यंत्रमानवाचे उदाहरण घेतले होते. अमेरिका-जपानमधील, आणि अलीकडे आपल्या शहरांतीलही, शिकलीसवरली, मिळवती, चाळिशी उलटलेली माणसे या खलनायकाची खेळणी काचेच्या कपाटांत जमवून ठेवतात, असे मी सांगितले. ‘रिकामटेकड्यांचा पोरखेळ!’ एवढ्या दोन शब्दांत साथींनी विषय निकालात काढला. त्या दोन शब्दांचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते; कारण ज्याला आपण पोरखेळ म्हणून हसतो, तेथे भांडवलशाही अत्यंत गंभीरपणे काम करीत असते.

प्रथम हा मेगाट्रॉन कोण ते पाहू. ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने जगभर विकल्या जाणाऱ्या, रूप पालटणाऱ्या यंत्रमानवांपैकी दुष्टांच्या टोळीचा तो सरदार. परंतु त्याची जन्मकथा पडद्यावरील कथेहून अधिक बोधप्रद आहे. १९८३ साली जपानच्या ताकारा या कंपनीने पिस्तुलाचा यंत्रमानव होईल असे एक खेळणे बाजारात आणले. पिस्तूल कोणते? तर वॉल्थर पी-३८, म्हणजे हिटलरच्या सैन्याने वापरलेले; आणि त्याला जोडलेली दुर्बीण, दस्ता वगैरे सरंजाम ‘द मॅन फ्रॉम अंकल’ या १९६०च्या दशकातील अमेरिकी हेरमालिकेतला. या वेळी त्या खेळण्याला कथा नव्हती आणि खलत्वही नव्हते. १९८४ साली अमेरिकेच्या ऱ्होड आयलंडमधील हॅस्ब्रो कंपनीने ताकाराची ही खेळणी आपल्या नावाने विकावयास घेतली आणि त्यांना कथा, स्वभाव व शत्रुत्व चिकटविण्याचे काम मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशकाकडे सोपविले. बॉब ब्युडियान्स्की या तेथील संपादकाने थोड्या दिवसांत बहुतेक पात्रांची बारशी उरकली. ‘मेगाट्रॉन’ हे नाव अणुबाँबच्या मेगाटनाची आठवण करून देते, ते फार भीतिदायक आहे, अशी हरकत कंपनीने घेतली. तेव्हा, तो मुख्य खलनायक आहे, भीतिदायक असायलाच हवा, असे उत्तर त्याने दिल्याचे प्रसिद्ध आहे.

म्हणजे आधी माल, मग गोष्ट. आजीच्या गोष्टीतला राक्षस ऐकून मुलाने मातीचा राक्षस करावा, हा मानवी संस्कृतीचा क्रम येथे उलटा झाला. गोदामात माल तयार होता. तो खपविण्यासाठी राक्षसाची गरज भासली.

हे आपोआप घडले नाही, आणि ‘ग्राहकाला हवे होते म्हणून’ तर मुळीच घडले नाही. १९६९ साली ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातील मोटारींवर एक व्यंगचित्र-मालिका सुरू झाली, तेव्हा ही मालिका नव्हे, लांबलचक जाहिरात आहे, अशी तक्रार झाली आणि तेथील प्रक्षेपण-नियामक आयोगाने ती उचलून धरली. अगदी लहान मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींना बंदी घालण्याचा विचार १९७८ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगानेच मांडला होता. पुढे काय झाले? साखर, खेळणी आणि जाहिरात यांच्या धन्यांनी काँग्रेसवर दबाव आणला; १९८० साली आयोगाचे हात बांधण्यात आले आणि १९८१ साली ती कारवाई गुंडाळली गेली. त्याच वर्षी रेगन सत्तेवर आले. त्यांनी प्रक्षेपण आयोगावर नेमलेले अध्यक्ष मार्क फाउलर यांच्या मते दूरचित्रवाणी संच म्हणजे चित्रे दाखविणारा टोस्टर. त्याहून अधिक काही नाही. १९८४च्या जूनमध्ये या आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींच्या वेळेची मर्यादा काढून टाकली. सप्टेंबरमध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मालिका पडद्यावर आली. जून आणि सप्टेंबर! भांडवलाला इतकी चपळाई इतर कोणत्या सामाजिक कार्यात दाखविता येते, हे मला तरी आढळलेले नाही.

आता त्या पिढीतील मुलांच्या वाट्याला पुढे काय आले ते पहा. १९८६च्या ऑगस्टमध्ये याच पात्रांचा चित्रपट निघाला. आपल्या लाडक्या नायकाला, ऑप्टिमस प्राइमला, पाहायला गेलेल्या मुलांना त्याचा मृत्यू पाहावा लागला. चित्रपटगृहांत मुले रडली. मेगाट्रॉनलाही वितळवून गॅल्व्हाट्रॉन नावाचा नवा खलनायक करण्यात आला. ही शोकांतिका कोणा नाटककाराला सुचलेली नव्हती. जुनी खेळणी दुकानांतून काढून नवी मांडायची होती, म्हणून पात्रे मारली गेली, हे त्या चित्रपटाशी संबंधित लेखकांनी पुढे उघडपणे सांगितले आहे. पालकांचा ओरडा झाल्यावर १९८७ साली नायकाला पुन्हा जिवंत करण्यात आले. मुलाच्या आयुष्यातील कदाचित पहिला शोक, आणि त्याची तारीख ठरली मालाच्या यादीवरून!

आज पन्नाशीच्या घरात असलेला अमेरिकी संग्राहक तो हाच मुलगा. त्याला ‘रिकामटेकडा’ म्हणण्यापूर्वी आपण हे ध्यानात घ्यावे.

आणि मग येते ती सीलबंद पेटी. १९८४च्या मेगाट्रॉनवर चकचकीत क्रोमचा मुलामा होता. मूल खेळले की तो मुलामा झिजे; चाप, दस्ता, सांधे, जेथे जेथे बोटे लागत तेथे तेथे आतले प्लॅस्टिक दिसू लागे. संग्राहकांच्या बाजारात आज याच झिजेवर किंमत उतरते. ज्या खेळण्यावर खेळल्याची खूण आहे ते हलके. ज्याची चिकटपट्टीही कोणी काढलेली नाही ते सर्वांत भारी. अमेरिकेत अशा पेट्या तपासून त्यांना शंभरपैकी गुण देणाऱ्या आणि पारदर्शक ॲक्रिलिकच्या कवचात कायमच्या बंद करून परत पाठविणाऱ्या खाजगी संस्था आहेत. रूप पालटणे हाच ज्या खेळण्याचा एकमेव धर्म, ते खेळणे एकदाही रूप न पालटता चाळीस वर्षे उभे राहते आणि त्यामुळेच महाग होते. खेळण्याचे उपयोगमूल्य म्हणजे खेळ. ते संपूर्णपणे शून्यावर आणले की विनिमयमूल्य कळसाला पोहोचते, असे इतके स्वच्छ उदाहरण मला वर्गात शिकविण्याच्या साऱ्या वर्षांत पाठ्यपुस्तकातून मिळाले नव्हते. मार्क्सच्या वेळी हे खेळणे असते तर त्याने कापडाचे वीस वार कदाचित वाचविले असते!

येथे आमचे बाजारवादी मित्र ‘ग्राहकाचे सार्वभौमत्व’ पुढे करतील. माणूस स्वतःच्या पैशाने, स्वखुशीने घेतो. तुम्हाला काय त्याचे? मी हे सूत्र अनेक वर्षे शिकविले आहे. त्यातील गोम मला ठाऊक आहे. हे शास्त्र ग्राहकाची आवड ‘दिलेली’ धरून चालते. ती कोणी दिली, केव्हा दिली, हे विचारायचे नसते. आवड पाचव्या-सहाव्या वर्षी, जाहिरात आणि गोष्ट यांतील भेद कळण्याच्या आधी पेरायची आणि तिची कापणी पन्नासाव्या वर्षापर्यंत करीत राहायची, याला सार्वभौमत्व म्हणत असतील तर वेठबिगारीलाही करारस्वातंत्र्य म्हणता येईल. या शेतीचे पीक किती मोठे आहे? २०२४च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेतील प्रौढांनी स्वतःसाठी केलेली खेळण्यांची खरेदी तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी झालेल्या खरेदीहून अधिक भरली, असे बाजार-पाहणीत आढळले.

या ग्राहकाकडून कंपनीने आता केवळ किंमतच नव्हे, भांडवलही घ्यायला प्रारंभ केला आहे. मेगाट्रॉनहूनही मोठा असा युनिक्रॉन नावाचा एक ग्रहभक्षक यंत्रमानव या कथेत आहे. २०१९ साली हॅस्ब्रोने जाहीर केले की, किमान आठ हजार लोकांनी प्रत्येकी सुमारे ५७५ डॉलरची मागणी आगाऊ नोंदविली तरच आम्ही तो बनवू. मुदतीत संख्या भरेना, तेव्हा मुदत वाढविली, संख्या भरली. खेळणे हाती पडायला २०२१ साल उजाडले. मागणीची अनिश्चितता पत्करतो म्हणून नफ्यावर उद्योजकाचा हक्क, हे भांडवलशाहीचे नैतिक समर्थन आम्ही ऐकत आलो. येथे जोखीम ग्राहकाची, बिनव्याजी रक्कम ग्राहकाची, आणि नफा मात्र पूर्वीच्याच पत्त्यावर!

तर मग कंपनीकडे स्वतःचे असे उरले काय? कारखाने तर नाहीत. उरलेसुरले दोन कारखाने हॅस्ब्रोने २०१५ साली एका बेल्जियन कंपनीला विकले. खेळणी बनवितात चीन, व्हिएतनाम, भारत येथील कंत्राटी कारखान्यांतले कामगार. कंपनीची मालकी आहे ती नावावर, ‘मेगाट्रॉन’ या चार अक्षरांवर. २०२३ साली याच कंपनीने आधी ८०० नोकऱ्या कमी केल्या आणि मग डिसेंबरमध्ये, नाताळच्या तोंडावर, आणखी ११०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. खेळण्यांच्या धंद्यातील खऱ्या जिवांची किंमत पाहावयाची असेल तर थायलंडमधील केडर कारखान्याची आठवण पुरे. १० मे १९९३ रोजी तेथे लागलेल्या आगीत १८८ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या, काही दारे कुलूपबंद होती. पाश्चात्त्य बाजारासाठी बाहुल्या शिवल्या जात होत्या. तो कारखाना मेगाट्रॉनचा होता असे मी म्हणत नाही. पेटीवर मात्र अशा हातांविषयी एक शब्दही नसतो, आणि पेटी फोडायचीच नसल्यामुळे आत काय आहे हा प्रश्न उद्‌भवत नाही.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२४ साली ‘ट्रान्सफॉर्मर्स वन’ हा चित्रपट आला. त्यात मेगाट्रॉनचे पूर्वायुष्य दाखविले आहे. तो कोण निघाला? डी-१६ हा क्रमांक धारण करणारा खाणकामगार! ज्याच्यावर श्रद्धा ठेवली तो राज्यकर्ता कामगारांचे श्रम परक्या शक्तीला विकतो आहे, रूप पालटण्याचा त्यांचा अवयवही त्यानेच जन्मतः काढून घेतला आहे, हे त्याला कळते. तो चिडतो, बंड करतो, राज्यकर्त्याला मारतो. आणि त्या क्षणी खलनायक ठरतो. त्याचाच सहकामगार मात्र दैवी प्रसाद मिळून नायक आणि राजा होतो. चित्रपट म्हणून तो वाईट नाही, हेही नमूद करतो. खाणीतील प्रसंग तर मला आवडले. पण कामगाराचा संताप केवळ विनाशक असतो, मुक्ती वरून प्रसादरूपाने येते, हा पाठ मुलांना देऊन वर त्या संतप्त कामगाराचे नवे खेळणे पुन्हा पेटीत घालून विकायचे, ही करामत वाखाणण्याजोगी आहे.

साथींनी विचारले, मग करायचे काय? संग्राहकाची थट्टा हे तर उत्तर खासच नव्हे. तो आपला शत्रू नाही. तो बहुधा पगारदार नोकरच असतो, आणि दिवसभर दुसऱ्याच्या मर्जीने राबल्यावर एक कपाट तरी आपल्या मर्जीने लावावे ही त्याची भूक खोटी नाही. जी गोष्ट राजकीय निर्णयाने घडली ती राजकीय निर्णयाने रोखताही येते. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास बंदी केली. एक खेळणी-कंपनीच त्याविरुद्ध न्यायालयात गेली. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम केली. स्वीडनमध्ये १९९१ पासून बारा वर्षांखालील मुलांसाठी दूरचित्रवाणीवर जाहिरात करता येत नाही. खुद्द अमेरिकेत मात्र रेगन यांनी १९८८ साली अशा सौम्य विधेयकावरही सही केली नाही. १९९० साली कायदा झाला तो इतका बोटचेपा की, मालिका खेळण्यावर बेतलेली असली तरी चालते, फक्त तिच्या मध्ये त्याच खेळण्याची जाहिरात दाखवू नये!

आपल्या सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० साली वीसवरून साठ टक्क्यांवर आणि २०२३ साली सत्तरवर नेले आणि स्वदेशीचा जयघोष केला. सावंतवाडीच्या चितारी कारागिराला त्याचा लाभ झाला तर आनंदच आहे. पण मुलाच्या मनावरील आक्रमणाला शुल्क लागत नाही. २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत मुलांसाठीच्या जाहिरातींचा उल्लेख आहे. संपूर्ण मालिकाच जाहिरात असेल तर काय, याविषयी ती मूक आहेत. आपल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न सभागृहात विचारावा, अशी माझी मागणी आहे.

आणि शाखांना करता येण्याजोगे एक काम आहे. मंदीच्या काळात, १९३५ साली, लॉस एंजेलिस परगण्यात सार्वजनिक खर्चाने खेळणी उसनी देण्याची योजना सुरू झाली. ग्रंथालयातून पुस्तक न्यावे तसे मुलाने खेळणे न्यायचे, खेळायचे, परत करायचे. मग ते दुसऱ्या मुलाकडे जायचे. ज्या देशाने सीलबंद पेटी निर्माण केली त्याच देशातली ही योजना. आपल्या किती कार्यालयांत एक खोली आणि एक कपाट रिकामे आहे, हे पुढील बैठकीत सांगावे. त्या कपाटात एखादा मेगाट्रॉन आला तरी माझी हरकत नाही. त्याचा मुलामा वर्षभरात उडाला पाहिजे, एवढेच.