फुकट बोलण्याचे मोल

दिवाळीच्या पुढेमागे धारूर तालुक्यातील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोल्हापूर-सांगलीकडील किंवा कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. फडाजवळची कोपी आणि बालाघाटातील घर यांच्यामधील पाच-सहा महिन्यांची ताटातूट अलीकडे रात्रीच्या व्हिडिओ कॉलने थोडीबहुत सुसह्य केली आहे. हा कॉल फुकट असतो, असे सर्रास म्हटले जाते. हे म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे.

यामागचे तंत्र असे की, आवाजाचे आणि चित्राचे आकड्यांत रूपांतर करावयाचे, त्याची लहान लहान पुडकी इंटरनेटवरून धाडावयाची आणि पलीकडे ती पुन्हा जुळवावयाची. यात अंतराला किंमत उरत नाही. नेमकी हीच गोष्ट जुन्या व्यवस्थेला अडचणीची होती. परदेशी दूरध्वनीची मक्तेदारी विदेश संचार निगमाकडे होती तोवर इंटरनेटवरून बोलण्यास भारतात परवानगीच नव्हती. ती १ एप्रिल २००२ पासून मिळाली, तीही मर्यादित. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने अशा कॉलसाठी निराळा आकार घेण्याचे जाहीर केले आणि लोकांनी ओरड करताच काही दिवसांत बेत मागे घेतला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ बाजारात उतरली, डेटाचे भाव कोसळले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर चित्रासह बोलण्याची सोय झाली. धारूरचा मजूर साताऱ्यात असो वा बेळगावात, घरच्या माणसांना तो आता सारख्याच खर्चात दिसतो. हा लाभ लहान नव्हे.

परंतु या प्रवासात केवळ दर बदलला नाही, दर आकारण्याची रीतच बदलली. एसटीडी बूथवरील मीटर अंतर आणि वेळ मोजत असे. ते जाचक होते खरे. पण जो बोलत नसे त्याला काही द्यावे लागत नसे. मोबाइल आल्यावर, आणि २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाल्यावर, गरिबाने मिस्ड कॉलची युक्ती शोधून काढली. ज्याच्या खिशात पैसे असतील त्याने उलट फोन करावा, हा तो अलिखित करार. (किमतीच्या सिद्धान्ताचे इतके सुंदर उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल.) २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली आणि तो करार मोडला. आता मिनिटाला मोल नाही. मोल आहे ते जोडणी जिवंत ठेवण्याला. अर्थशास्त्राच्या भाषेत सीमान्त खर्च शून्य झाला आणि स्थिर खर्च ग्राहकाच्या माथी बसला.

स्थिर खर्चाचा स्वभाव असा की, तो थोडे वापरणाऱ्याला अधिक जड जातो. पहाटेपासून ऊस तोडणारा आणि रात्री-अपरात्री वाहन भरणारा मजूर दिवसाचा दीड जीबी डेटा कोठून संपवणार? उरलेला डेटा मध्यरात्री बाद होतो. त्यातही 'महिना' २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. प्रत्येक कंपनीने निदान एक योजना ३० दिवसांची ठेवावी, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला जानेवारी २०२२ मध्ये सांगावे लागले. शिवाय बोलणे दोन टोकांचे असते. कोपीवरचा फोन चालू राहून भागत नाही. घरी आजीजवळचाही चालू हवा. उचल आधीच खर्ची पडलेली असते, हंगामात हाती येते ती मुकादमाची खर्ची, आणि जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर चढवले ते दोन्ही टोकांना.

डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने डेटा नसलेले, केवळ आवाजाचे आणि संदेशांचे व्हाउचर सक्तीचे केले आणि व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. निर्णय योग्यच, मात्र त्यामागचे गृहीत तपासावे लागेल. गरिबाला आवाज पुरे, चित्र ही चैन, असे ते गृहीत दिसते. सहा महिने आईबापांपासून दूर राहणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते टिकत नाही.

मुदतीची मर्यादा सैल झाल्यामुळे एक गोष्ट मात्र शक्य झाली आहे. हंगामाएवढ्या मुदतीचे, रोजच्या हप्त्यात न तुटणारे, थोड्याच डेटाचे स्वस्त व्हाउचर काढण्यास आता मुदतीच्या नियमाची आड येत नाही. कंपन्या ते आपण होऊन काढतील असे नाही, कारण न वापरलेला डेटा हाच त्यांच्या किफायतीचा एक भाग आहे. तेव्हा आवाजाच्या व्हाउचरसारखीच याचीही सक्ती प्राधिकरणाला करावी लागेल. कारखान्यांच्या वाट्याला येते ते याहून साधे काम: कोप्यांच्या तळावर वीज आणि फोन चार्ज करण्याची जागा. गाळपाच्या खर्चात तो आकडा शोधूनही सापडणार नाही.