हळदीचा ठसा

भगिनींनो, पोरांच्या खोकल्यावर हळद आपण डोळे झाकून देतो. पण पिवळे ते सारे हळद नव्हे! अस्सल हळदीत कर्क्युमिन व त्याची दोन भावंडे अशी तीन पिवळी द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत अर्काचा थेंब लेप दिलेल्या पट्टीवर टेकवून पट्टी द्रावणात उभी करतात. तीन ठिपके वेगवेगळ्या उंचीवर चढतात. हा हळदीचा अंगठ्याचा ठसाच. कारखान्यात बनवलेल्या कर्क्युमिनचा बहुधा एकच ठिपका उमटतो. मेटॅनिल यलो रंग मिसळला असेल तर तोही वेगळा दिसतो.

शिसे मात्र या ठशात दिसत नाही, त्याची तपासणी निराळी. आणि मुलांच्या मेंदूला खरा धोका त्याचाच. बांगलादेशात लेड क्रोमेट चोळून हळकुंडे चमकवत, म्हणून फार झळाळणारे हळकुंडही नको. तिथे २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले; लोकजागृती, धाडी व दंड झाले, २०२१ मध्ये एकाही नमुन्यात नाही.