दूरच्या पेढीची मुनीमगिरी

जुन्या पेढीवर शेठजींच्या गादीलगत मुनीमजींची बैठक असे. समोर उतरते लाकडी मेज, त्यावर रोजमेळ आणि खतावणी, बाजूला टपालाचा गठ्ठा. कोणाचे येणे किती दिवस थकले आहे, कोणत्या गावच्या व्यापाऱ्याला कोणत्या शब्दांत पत्र घालावे, शेठजींनी उद्या कोणाला भेटायचे आहे, हे सारे मुनीमजींच्या डोक्यात असे. शेठजी व्यापार करीत आणि मुनीमजी तो व्यापार रुळावर ठेवीत.

आज ती कामे संपलेली नाहीत. फक्त बैठक हलली आहे. ईमेलची उत्तरे, भेटींचे वेळापत्रक, गाडीची तिकिटे, बिले, टॅलीतील नोंदी, थकबाकीची स्मरणपत्रे, मालाची छायाचित्रे व दर संकेतस्थळावर चढविणे, अशी कामे दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या देशात बसलेली व्यक्ती संगणकावरून करते. तिला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणजेच दूरस्थ साहाय्यक म्हणतात. ती पगारी नोकर नसते. ती स्वतःचा व्यवसाय करते आणि एकाच वेळी तीन-चार ग्राहकांची कामे सांभाळते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या टिमोथी फेरिस यांच्या ‘द फोर अवर वर्कवीक’ या अमेरिकेत गाजलेल्या पुस्तकात भारतातील अशा साहाय्यकांकडून कामे करून घेण्याचे वर्णन आहे. म्हणजे ही वाट आता पुरेशी मळलेली आहे. तिच्यावर ठेच कोठे लागते, एवढे पाहून चालावे लागते.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांसमोर आणावे. सांगलीत हळदीची पेढी, घरात बी.कॉम. झालेली, टॅली उत्तम जाणणारी धाकटी सून. मुलगा शाळेत जाऊ लागला आणि दुपारचे चार तास मोकळे झाले. पहिला ग्राहक घरातलाच मिळाला. पतीच्या मामांचा इचलकरंजीत कापडाचा व्यापार. त्यांचा कारकून काम सोडून गेला होता. मामा म्हणाले, “महिन्याची बिले तेवढी करून दे. पैशांचे आपण बघू, घरचेच आहे.” सूनबाईंनी होकार दिला. लिहून काही ठेवले नाही. घरच्या माणसाशी लिहिणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असा आपल्याकडचा समज.

बिलांच्या मागून थकबाकीचे फोन आले. फोनच्या मागून जीएसटीचे तक्ते आले. रात्री दहा वाजता “एक छोटेसे काम” म्हणून संदेश येऊ लागले, आणि शेवटी मामांच्या मुलाच्या लग्नातील पाहुण्यांची यादीही तिच्याकडेच आली. पाच महिन्यांत पैसे एकदाच मिळाले, तेही अंदाजाने. सूनबाई मागू शकत नव्हती आणि मामांना आपले काही देणे आहे याची जाणीवच नव्हती. त्यांच्या मते भाची-सून घरची मदत करीत होती. दिवाळीच्या भेटीत तिने मामींशी नीट बोलणे टाळले, तेव्हा गोष्ट घरात उघड झाली. प्रश्न आता पैशांपुरता राहिला नव्हता. दोन घरांमध्ये अढी पडू पाहत होती.

सासरे आप्पा यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “बाळ, आपल्या पेढीवर माल येतो तेव्हा तोलाई, हमाली, आडत आपण कधी सांगतो? गाडी उतरण्यापूर्वी, की माल विकून झाल्यावर?”

सूनबाईंना उत्तर मिळाले. आडत्या नातलगाचा माल घेतो तरीही पट्टी लिहितोच. पट्टी लिहिण्यात अविश्वास नसतो. उलट, लिहिलेली पट्टी असते म्हणून नाते तोंडी हिशेबाच्या ओझ्यातून सुटते.

दूरस्थ साहाय्यकाच्या करारपत्राला वकिलाची भाषा लागत नाही. एका पानावर पाच गोष्टी स्पष्ट लिहिल्या तरी पुरते. पहिली, कोणती कामे करायची आणि कोणती करायची नाहीत. दुसरी, कोणत्या वेळेत संपर्क साधायचा आणि उत्तर किती तासांत मिळेल. तिसरी, दर आणि ठरलेल्यापेक्षा जास्तीच्या कामाचा दर. चौथी, बिल कोणत्या तारखेला निघेल व किती दिवसांत चुकते होईल. पाचवी, काम थांबवायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची आणि कागदपत्रे कशी परत करायची. पाचवी बाब लिहिताना अनेकांना अशुभ बोलल्यासारखे वाटते. परंतु भागीदारीपत्रात विसर्जनाचे कलम असते म्हणून कोणतीही भागीदारी मोडत नाही.

दर ठरविण्यात बहुतेकांची गफलत होते. समजा, महिन्याला ३०,००० रुपये हाती यावेत अशी अपेक्षा आहे आणि इंटरनेट, वीज, संगणकाची झीज, सॉफ्टवेअरचे शुल्क मिळून खर्च ६,००० रुपये आहे. रोजचे चार तास आणि महिन्याचे २२ दिवस धरल्यास ८८ तास होतात. कोणीही लगेच ३६,००० ला ८८ ने भागतो आणि ताशी सुमारे ४१० रुपये सांगून मोकळा होतो. परंतु बिल करणे, नवा ग्राहक शोधणे, नवे काम शिकणे, फोनवर समजून घेणे, या वेळेचे पैसे कोणी देत नाही. बिलात लावता येणारे तास साठ निघाले तर खरा दर ताशी ६०० रुपये होतो. दुकानदार गाळ्याचे भाडे आणि तूट धरूनच मालाचा भाव काढतो. वेळ विकणाऱ्याने वेळेतील तूट का धरू नये? काम ठराविक स्वरूपाचे झाले की ताशी हिशेबाऐवजी महिन्याची ठोक रक्कम ठरविणे दोघांनाही सोयीचे पडते. मात्र त्या रकमेत किती तास बसतात, हे लिहिलेले असावे.

पैसे वेळेवर मिळावेत यासाठी कायद्याचाही आधार आहे. उद्यम नोंदणी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे, लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसल्यास १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय वित्त अधिनियम, २०२३ ने केलेल्या तरतुदीमुळे अशी मुदत उलटून गेलेली रक्कम प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी खर्च म्हणून वजा मिळते. कापडाच्या बाजारात ही तरतूद सर्वांच्या तोंडी आहे. पण ती केवळ मालाला नव्हे, सेवेलाही लागू आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नातलगाला कायदा ऐकविण्याची गरज नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की समजणाऱ्याला समजते.

दुसरी मोठी जोखीम किल्ल्यांची. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात. त्यात एकावर अविश्वास आहे असे नव्हे. काही घडल्यास एकट्या माणसावर किटाळ येऊ नये, हाही हेतू असतो. हेच तत्त्व येथे पाळावे. ग्राहक घाईत असतो. तो सहज आपल्या बँकखात्याचा पासवर्ड पाठवितो आणि आलेला ओटीपीही सांगतो. साहाय्यकाने तो घेऊ नये. व्यावसायिक खात्यांना बँका अशी सोय देतात की एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा. भरण्याचे काम साहाय्यकाचे, मंजुरीचे मालकाचे. ईमेलसाठीही पासवर्ड न देता दुसऱ्या व्यक्तीला मर्यादित अधिकार देण्याची सोय जीमेलमध्ये आहे. काम संपले की त्याच दिवशी हे अधिकार काढून घेण्याची आठवण साहाय्यकानेच ग्राहकाला करून द्यावी. ही एक आठवण शंभर शपथांपेक्षा अधिक विश्वास निर्माण करते.

आपल्या बाजारपेठेत एकाच व्यापारातील दोन पेढ्या एकाच साहाय्यकाकडे येण्याचा संभव मोठा असतो. तेव्हा एकाचे दर दुसऱ्याच्या कानी जाता कामा नयेत, चुकूनही नाही. प्रत्येक ग्राहकाचे फोल्डर वेगळे, ब्राउझरमधील प्रोफाइल वेगळे आणि फाइलच्या नावात ग्राहकाचे संक्षिप्त नाव, एवढी शिस्त आरंभापासून हवी. तरीही चूक होते. समजा, एका पेढीचे स्मरणपत्र घाईत दुसऱ्या पेढीच्या गिऱ्हाईकाला गेले. अशा वेळी संदेश पुसून गप्प बसण्याचा मोह होतो. परंतु ग्राहकाला ही गोष्ट बाजारातून कळली, तर चूक क्षम्य असूनही माणूस क्षम्य राहत नाही. तासाभराच्या आत फोन करावा, काय झाले ते सांगावे, काय दुरुस्त केले ते सांगावे आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले तेही सांगावे. रोजमेळात फरक निघाला तर जुना मुनीम पान फाडीत नसे. दुसऱ्या दिवशी फरकाची नोंद करून स्वतःची सही करीत असे.

परदेशी ग्राहक घ्यायचा झाल्यास घड्याळ आधी पाहावे. लंडनमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले असतात. दुपार मोकळी असलेल्या गृहिणीला हे सोयीचे. न्यूयॉर्कचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरात उन्हाळ्यातील ही वेळ नेमकी ताटावर येते. म्हणून ती स्वीकारण्यापूर्वी घरात बोलून घ्यावे. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते, ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत भेटींच्या वेळा हटकून चुकतात. पर्युषण, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा यांच्या सुट्ट्या वर्षारंभीच ग्राहकाला कळवाव्यात. आधी कळविलेली सुट्टी कोणालाही खटकत नाही. ऐन वेळी बंद लागलेला फोन खटकतो.

परदेशातून येणारी रक्कम बँकेमार्फतच घ्यावी आणि प्रत्येक रकमेची आवक-सूचना जपून ठेवावी. सेवापुरवठ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी झाल्यावरही सेवेची निर्यात शून्य दराची मानली जाते आणि हमीपत्र दाखल करून कर न भरता निर्यात करता येते. मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरातली आहे. सुनेची कमाई पेढीच्या खात्यात जमा करून “शेवटी एकच घर” म्हणण्याची रीत अजून गेलेली नाही. तिचा पॅन, तिचे बँकखाते, तिचे विवरणपत्र हे स्वतंत्र असावे. हिशेबाच्या दृष्टीनेही तेच शुद्ध आणि उद्या तिला व्यवसायासाठी कर्ज हवे असेल, तर बँक तिचीच खाती पाहील.

सांगलीच्या त्या घरात पुढे काय व्हावे? सूनबाईंनी पाच महिन्यांच्या कामाची तारीखवार यादी केली, एका पानाचे करारपत्र लिहिले आणि आप्पांना मध्ये न घालता मामांना स्वतः फोन केला. मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मला वाटले, तू हौसेने करतेस.” “हौसेनेच करते, मामा. पण हौसेचाही हिशेब असतो,” ती म्हणाली. लग्नाच्या यादीचे पैसे तिने लावले नाहीत. ती घरची मदत होती आणि तिने तशी नोंद केली. उरलेली रक्कम मामांनी दोन हप्त्यांत दिली. थकबाकीचे रात्रीचे फोन करारात बसले नाहीत, तेव्हा मामांनी त्यासाठी दुसरा माणूस पाहिला. बिले आणि तक्ते तेवढे तिच्याकडे राहिले. काम कमी झाले, पण जे उरले ते वेळेवर चुकते होऊ लागले.

पुढच्या दिवाळीत वहीपूजनाच्या पाटावर पेढीच्या वह्यांशेजारी आप्पांनी एक कोरी वही ठेवली. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढून झाल्यावर त्यांनी लेखणी सुनेच्या हाती दिली. नाव तिने स्वतः लिहावयाचे होते.