क्ष-किरण वाचला, पुढे काय?

छातीची क्ष-किरण प्रतिमा वाचून क्षयाचा संशय दाखवणाऱ्या संगणकप्रणालीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या प्राथमिक तपासणीत माणसाऐवजी संगणकाचे वाचन चालेल, असा तो निर्णय. भारतासाठी तो फार मोलाचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात क्ष-किरण तपासणी केली नसती, तर आढळलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण सुटले असते. हाती धरण्याजोगे क्ष-किरण यंत्र पाड्यावर नेता येते. क्ष-किरणतज्ज्ञ तिथे कुठून आणणार?

मात्र प्रणाली निदान करत नाही, ती केवळ गुण देते. किती गुणांच्या वर थुंकीची तपासणी करायची, ही रेघ माणसांनीच ओढायची असते. ती खाली आणली तर निरोगी माणसांची रांग लागते, वर नेली तर रुग्ण हातचे जातात. बऱ्या झालेल्या क्षयाचे जुने व्रण, दगडखाणीतील कामगारांचा सिलिकोसिस यांनी प्रणाली चकते. त्यामुळे एकीकडे बेतलेली रेघ दुसरीकडे जशीच्या तशी लावणे गैर आहे. आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्ह्यातील रेघ आणि तिचा आधार जाहीर करावा. प्रतिमा मिनिटभरात वाचली गेली आणि कार्ट्रिजअभावी थुंकीची रेणवीय चाचणी रखडली, तर घरातल्या लेकराबाळांना संसर्गाचा धोका कायम राहतो. यंत्रखरेदीच्या निधीतच या चाचण्यांचा खर्च धरला पाहिजे.